मालेगावबाहेरची मते

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपला ३७.४ टक्के मते आणि ३०३ जागा मिळाल्या होत्या. २०२४ मध्ये मते ३६.६ टक्के आणि जागा २४०. मतांत टक्काभरसुद्धा घट नाही, जागा मात्र ६३ ने घटल्या आणि बहुमताचा २७२ चा आकडा हुकला. दहा वर्षे स्वतःच्या बळावर चाललेल्या सरकारला नितीशकुमार आणि चंद्राबाबू नायडू यांचा टेकू घ्यावा लागला.

असे कसे झाले? देशाची सरासरी फसवी असते म्हणून. ओडिशासारख्या राज्यात भाजप ८ वरून २० जागांवर गेला, तेलंगणात ४ वरून ८ वर. पण उत्तर प्रदेशात ६२ च्या ३३ झाल्या, महाराष्ट्रात २३ च्या ९, राजस्थानात २४ च्या १४, कर्नाटकात २५ च्या १७. कुठे मते वाढली, कुठे घटली, बेरीज जवळपास तीच राहिली. सत्तेचा पाया हलला तो ज्या राज्यांत काही समाजघटकांनी जुनी निष्ठा सोडली तिथे.

मग निष्ठा कोणी सोडली? या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्या मोबाइलवर सतत फिरत असते आणि ते दोन्ही बाजूंनी येते. एका बाजूचे म्हणतात, मुसलमानांनी एकगठ्ठा मतदान करून आमचे उमेदवार पाडले. आपल्या मोहल्ल्यातले काही जण तेच वाक्य छाती फुगवून सांगतात, "देखा, हमने हराया!" एकाची तक्रार, दुसऱ्याची फुशारकी. आमच्या मते दोघांचाही हिशोब चुकलेला आहे, आणि हा चुकलेला हिशोब सर्वात महाग आपल्यालाच पडतो.

धुळ्याचा निकाल समोर घेऊ, कारण ‘वोट जिहाद’ हा शब्द महाराष्ट्रात ज्या निकालावरून गाजवला गेला तो हाच. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ मते मिळाली, भाजपचे सुभाष भामरे यांना ५,८०,०३५. फरक ३,८३१ मतांचा. मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे. त्यांपैकी मालेगाव मध्यमध्ये बच्छाव यांना १,९८,८६९ मते पडली आणि भामरे यांना ४,५४२. बाकी पाचांत मिळून भामरे सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे होते. देवेंद्र फडणवीस यांनी हेच आकडे जाहीर सभांत सांगितले. पाच ठिकाणी जिंकलो, एका मालेगावने हरवले, म्हणून हा वोट जिहाद. ऐकणाऱ्याला पटावे असे हे गणित आहे. सोशल मीडियावर ते आजही तसेच फिरते.

आता त्याच आकड्यांची दुसरी बाजू पाहा. बच्छाव यांच्या एकूण मतांतून मालेगाव मध्य वजा करा. उरतात सुमारे ३ लाख ८५ हजार. म्हणजे त्यांची दोन तृतीयांश मते मालेगाव मध्यच्या बाहेरची आहेत. २०१९ मध्ये याच मतदारसंघात काँग्रेसचे कुणाल पाटील उभे होते. तेव्हाही मालेगाव मध्यने काँग्रेसलाच भरभरून मते दिली होती. तरी सहाही क्षेत्रे मिळून पाटलांना जी मते पडली ती सुमारे ३ लाख ८४ हजार, आणि भामरे २ लाख २९ हजारांनी जिंकले. २०१९ मध्ये काँग्रेसला संपूर्ण मतदारसंघात जेवढी मते मिळाली, तेवढी २०२४ मध्ये मालेगाव मध्य वगळून मिळाली!

मालेगावात या वेळी मतदान वाढले हे खरेच आहे, आणि फरक ३,८३१ चा असताना ती वाढ निर्णायक होती हेही कबूल. पण मालेगावची निष्ठा बदलली नव्हती, ती आधीही तिथेच होती. बदल झाला तो बाहेर. धुळे शहरातही मुस्लिम वस्ती आहे, तिची मते या ३ लाख ८५ हजारांत धरा. तरी उरतात बागलाणचे आदिवासी, मालेगाव बाह्यचे आणि बागलाणचे कांदा उत्पादक, शिंदखेडा आणि धुळे ग्रामीणचे कापूसवाले शेतकरी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठवली मे महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे मतदान सुरू झाल्यावर. शेजारच्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या. तिथे तर मालेगाव मध्य नाही. कांद्याच्या पट्ट्यातल्या मराठा, माळी, आदिवासी शेतकऱ्याने रागाने दिलेल्या मताला कोणी ‘कांदा जिहाद’ म्हटले नाही, म्हणूही नये. त्याचा राग तो त्याचा लोकशाही हक्क. मग आपल्या मताचेच असे का होते? याचे एक कारण द्वेष आहे, ते उघड आहे. दुसरे कारण आपल्याला गैरसोयीचे आहे, त्याकडे पुढे येऊ.

महाराष्ट्रात असेच चित्र इतरत्र दिसते. मराठवाड्यात लोकसभेच्या आठ जागा. भाजपला एकही मिळाली नाही. जालन्यात रावसाहेब दानवे लाखाहून अधिक मतांनी पडले, बीडमध्ये पंकजा मुंडे साडेसहा हजारांनी. मनोज जरांगे यांच्या आंदोलनानंतर मराठा मतदार ज्या वेगाने सरला, तो वेग या निकालामागे होता. ‘चारशे पार’ची घोषणा झाली आणि काही नेत्यांनी संविधान बदलाची भाषा केली, तेव्हा बौद्ध वस्त्यांत जी अस्वस्थता पसरली ती विदर्भाच्या निकालात उतरली. मुस्लिम मते या सगळ्यांना जाऊन मिळाली. ती आधीपासून एका बाजूला होती. पारडे फिरले ते शेजारचा माणूस त्याच बाजूला आला म्हणून.

उत्तर प्रदेशात हे अधिक स्वच्छ दिसते. बसपाची मते २०१९ मध्ये १९ टक्क्यांहून थोडी जास्त होती, २०२४ मध्ये ती ९.४ टक्क्यांवर आली आणि जागा १० वरून शून्यावर. मायावतींचा दलित मतदार म्हणजे देशातला सर्वात पक्का मतदार असे राज्यशास्त्राचे विद्यार्थी वर्षानुवर्षे शिकत आले. तो पक्का मतदार हलला. अखिलेश यादव यांनी पक्षाची ‘यादव-मुस्लिम’ ही ओळख मुद्दाम मागे ठेवली. यादवांना मोजकी तिकिटे दिली, कुर्मी, मौर्य, निषाद, पासी अशा समाजांना भरपूर. अयोध्या ज्या फैजाबाद मतदारसंघात येते तो खुला मतदारसंघ आहे. तिथे त्यांनी अवधेश प्रसाद या दलित नेत्याला उभे केले आणि राममंदिराच्या उद्घाटनानंतर पाच महिन्यांच्या आत तिथे भाजप ५४ हजारांवर मतांनी हरला.

मुस्लिम उमेदवार समाजवादी पक्षाने चारच दिले, आणि चारही निवडून आले. उलट बसपाने त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मुस्लिम उमेदवार दिले आणि एकही आला नाही. निकालानंतर मायावती म्हणाल्या की मुस्लिम समाजाला यापुढे विचार करूनच संधी देऊ. त्यांची नाराजी समजू शकते. पण त्यांनी नकळत एक साक्ष दिली. उत्तर प्रदेशातल्या मुसलमानाने धर्म पाहून मत दिले असते तर ती मते बसपाच्या मुस्लिम उमेदवारांना पडली असती. त्याने जिंकू शकणारा पाहिला. मालेगावकराने शोभा बच्छाव यांना मत देताना तेच पाहिले.

जुन्या काळातला एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. आणीबाणीत दिल्लीच्या तुर्कमान गेटला एप्रिल १९७६ मध्ये घरे पाडली गेली, गोळीबार झाला, उत्तरेत सक्तीची नसबंदी चालली. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी ८५ आणि बिहारमधल्या ५४ पैकी ५४ जागा काँग्रेस हरली. स्वातंत्र्यापासून काँग्रेसला चिकटून राहिलेला उत्तरेतला मुसलमान तेव्हा पहिल्यांदा मोठ्या संख्येने दूर गेला. पण एकटा गेला नाही. जगजीवनराम पक्ष सोडून आले तेव्हा दलितांचा मोठा भाग त्यांच्याबरोबर आला, चरणसिंगांबरोबर शेतकरी जाती आल्या. तीन वर्षांनी, १९८० मध्ये, यांतले बरेच जण परत फिरले आणि इंदिरा गांधी ३५३ जागा घेऊन आल्या. १९८९ च्या सुमारास अयोध्येतला शिलान्यास आणि भागलपूरची दंगल यानंतर मुसलमान पुन्हा काँग्रेसपासून तुटला, या वेळी मुलायमसिंग आणि लालूप्रसाद यांच्याकडे, मागासवर्गीयांच्या लाटेबरोबर. त्यानंतर काँग्रेसला लोकसभेत स्वबळावर बहुमत आजतागायत मिळालेले नाही. म्हणजे आपल्या समाजाची निष्ठा अढळ असते हा समजही खोटा, आणि ती एकटीने सरकारे पाडते हाही खोटा.

आणि आपल्याच डोळ्यांसमोर घडलेला बदल तर या सगळ्यांपेक्षा नवलाचा आहे. १९९२-९३ ची मुंबई ज्यांनी पाहिली ते आता पन्नाशी-साठीत आहेत. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाने त्या दंगलीतल्या शिवसेनेच्या भूमिकेबद्दल काय लिहिले ते सर्वांना ठाऊक आहे. मे २०२४ मध्ये त्याच पिढीतल्या अनेकांनी दक्षिण मुंबईत मशाल चिन्हापुढचे बटण दाबले. अरविंद सावंत यांना मुंबादेवी आणि भायखळ्याने तारले, नाहीतर मलबार हिल आणि कुलाबा त्यांच्या विरोधात होते. सहा महिन्यांनी वर्सोव्यातून हारून खान उद्धव ठाकरेंच्या पक्षाचे आमदार झाले, सोळाशे मतांनी. (शिवसेनेत मुस्लिम नेता ही अगदीच नवी गोष्ट नाही. १९९५ च्या युती सरकारात अंबरनाथचे साबिर शेख कामगारमंत्री होते. पण तेव्हा मोहल्ल्याचे मत सेनेकडे नव्हते.) यात विस्मरण आहे की क्षमा की नाइलाज, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. आम्हाला त्यात नाइलाज जास्त दिसतो. पण एवढे खरे, की ज्या मतदाराला ‘धर्मांध एकगठ्ठा’ म्हणून हिणवले जाते, त्याने तीस वर्षांची जखम बाजूला ठेवून राजकीय निर्णय घेतला. असा निर्णय घ्यायला जी परिपक्वता लागते तिची कोणी नोंद घेतली नाही.

तर मग या निर्णयाची किंमत काय मिळाली?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या साडेअकरा टक्के. लोकसभेच्या ४८ जागा. महाविकास आघाडीने त्यांपैकी किती जागांवर मुस्लिम उमेदवार दिला? एकाही नाही. नसीम खान यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली, प्रचारापासून दूर राहण्याची भाषा केली, मग त्यांची समजूत काढली गेली. बॅरिस्टर अंतुले २००४ मध्ये निवडून आले त्यानंतर काँग्रेसचा एकही मुस्लिम खासदार महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेला नाही.

उमेदवाराचा धर्म हा आमच्या दृष्टीने शेवटचा निकष नाही, हे वर उत्तर प्रदेशाच्या उदाहरणात आलेच. मग धोरणाचे पाहू. डॉ. महमूदुर रहमान समितीने राज्यातल्या मुस्लिमांच्या शिक्षण, घर, रोजगार, कर्ज यांची दुर्दशा अहवालात मांडली. २०१४ च्या जुलैत, विधानसभा निवडणूक तोंडावर आली तेव्हा, काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये त्याच्या नोकरीच्या भागाला स्थगिती दिली, शिक्षणाचा भाग मात्र चालू ठेवला. पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि वटहुकूम संपला. याचा दोष युती सरकारला देता येतो, आपण दिलाही. पण नंतर अडीच वर्षे महाविकास आघाडीचे राज्य होते. फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिक यांनी विधान परिषदेत शिक्षणातल्या पाच टक्क्यांची घोषणा केली. काही दिवसांतच मुख्यमंत्री म्हणाले की असा काही निर्णय झालेला नाही. विषय तिथेच थांबला, आणि त्यासाठी आघाडीचे एक मतही घटले नाही. पाच टक्क्यांच्या आधारे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल म्हणून वाट पाहणारी मुले आज तिशीला आली.

गैरसोयीचे कारण म्हणालो ते हे. जे मत कुठेही जाणार नाही याची दोन्ही बाजूंना खात्री आहे, त्याला एक बाजू शिवी देते आणि दुसरी बाजू गप्प बसते. शिवी देऊन तिचे काही जात नाही, गप्प बसून हिचे काही जात नाही. उलटे उदाहरणही याच राज्यातले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, महायुती सरकारने मदरशांतल्या डीएड शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार केले आणि मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाचे भागभांडवल ७०० कोटींवरून १,००० कोटी केले. त्याच महिन्यात राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून इद्रिस नायकवडी विधान परिषदेत गेले, अजित पवारांच्या पक्षातून. हा प्रेमाचा पुरावा आहे असे कोणी समजू नये. एका पक्षाला थोडी मते हलतील अशी आशा वाटली, म्हणून काहीतरी हातातून सुटले, एवढेच.

इथे कोणी तरुण वाचक रागाने विचारेल, "मग काय, भाजपला मते द्यायची?" प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरावर बुलडोझर येऊ शकतो, ज्याचा भाऊ टोपी घालून ट्रेनने जातो तेव्हा घरच्यांचा जीव टांगणीला लागतो, त्याने लोकसभेला आधी स्वतःची सुरक्षितता पाहिली यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. भीतीने दिलेले मत हेही विचारपूर्वक दिलेले मत असते. आमचे म्हणणे एवढेच की लोकसभा ही एक निवडणूक आहे. तिच्या आधी तिकीटवाटप असते, जाहीरनामा असतो. तिच्यानंतर महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत असते. तिथे निष्ठा हलवायला भीती आड येत नाही. वॉर्डातल्या गटारीसाठी, उर्दू शाळेच्या गळक्या छतासाठी, दवाखान्यासाठी मत कुठेही फिरू शकते, एका पक्षाकडून दुसऱ्याकडे, अपक्षाकडे, बिगरमुस्लिम उमेदवाराकडे.

आणि ते फिरतेच. नोव्हेंबर २०२४ चे मालेगाव मध्य पाहा. मे महिन्यात ज्या मतदारांनी जवळपास दोन लाख मते एका चिन्हावर टाकली, त्यांनीच सहा महिन्यांनी ती दोन स्थानिक नेत्यांत जवळजवळ समसमान वाटली. एमआयएमचे मुफ्ती इस्माईल यांना १,०९,६५३, माजी आमदार आसिफ शेख यांना त्यांच्या नव्या पक्षातर्फे १,०९,४९१. फरक १६२ मतांचा. मे महिन्यात जिच्यावर मतांचा पाऊस पडला ती काँग्रेस स्पर्धेत कुठेच नव्हती. ‘वोट जिहाद’ म्हणणाऱ्यांनी या १६२ चे स्पष्टीकरण कधी दिले नाही. आदेशावर चालणारा गठ्ठा असा अर्ध्यावर फाटतो का?

त्याच नोव्हेंबरमध्ये राज्याचा निकाल उलटा लागला. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा जिंकणारी आघाडी विधानसभेत २८८ पैकी ४६ वर आली आणि महायुती २३० वर गेली. मतदान ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये ऑगस्टपासून खात्यात येऊ लागले होते, कुणबी दाखल्यांच्या वादात ओबीसी समाज एकवटला होता, मराठा मत पुन्हा विभागले होते. थोडक्यात, मे महिन्यात जे शेजारी आपल्या बाजूला आले होते ते परत गेले. आपण मात्र होतो तिथेच होतो, आणि होतो तिथे राहून काहीच घडले नाही. मे आणि नोव्हेंबर शेजारी ठेवून पाहिले की ‘हमने हराया’ची फुशारकी किती पोकळ होती ते कळते.

लाडक्या बहिणीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. हे पैसे आपल्याही अम्मी-खालांच्या, भाभींच्या खात्यात आले. त्यांनी मत कोणाला दिले, हे ना पक्षांनी विचारले ना घरातल्या पुरुषांनी. ‘आपल्या घरातली सहा मते’ असे आपण सहज म्हणतो. त्या सहांतली तीन-चार बायकांची असतात, आणि त्यांनी कुठे शिक्का मारायचा हे चहाच्या टपरीवर ठरलेले असते असे आपण धरून चालतो. पक्षांनी आपल्याला गृहीत धरले म्हणून आपण चिडतो. घरात आपण वेगळे काय करतो?

धार्मिक नेत्यांच्या याद्यांचेही तसेच. विधानसभेच्या प्रचारात मौलाना सज्जाद नोमानी यांनी पत्रकार परिषद घेऊन महाविकास आघाडीच्या उमेदवारांना पाठिंब्याची यादी जाहीर केली. नागरिक म्हणून त्यांना तो हक्क आहे. पण त्या यादीने एकाही मुस्लिम मतदाराचा विचार बदलला असेल असे वाटत नाही, त्याने ज्याला द्यायचे त्यालाच दिले. तिचा उपयोग झाला तो दुसऱ्या बाजूला. ‘बटेंगे तो कटेंगे’ म्हणणाऱ्यांना हवी होती ती चित्रफीत आयती मिळाली आणि ती गावोगाव फिरली. आपल्या वतीने बोलायला आपण कोणाला नेमले नव्हते, तरी किंमत सगळ्यांच्या नावावर लागली.

मग स्वतःचा पक्ष हे उत्तर आहे का? औरंगाबादच्या दोन निकालांत याचे उत्तर बरेचसे सापडते. २०१९ मध्ये इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. तेव्हा वंचित बहुजन आघाडी सोबत होती, बौद्ध वस्त्यांनी मते दिली, आणि हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेऊन दुसऱ्या बाजूचे मत फोडले. २०२४ मध्ये वंचितशी युती नव्हती. जलील यांना ३ लाख ४१ हजार मते पडली आणि ते १ लाख ३४ हजारांनी हरले. म्हणजे तिथेही निकाल सोबत कोण आले यावरच ठरला. खासदार म्हणून त्यांनी सभागृहात बोलले नाही असे त्यांचे विरोधकही म्हणणार नाहीत. फक्त एकट्या समाजाच्या मतावर ती जागा टिकली नाही.

आता एक काम सुचवतो, हातात मोबाइल आहे तर दोन संध्याकाळींत होईल असे. आपल्या देशात मत गुप्त असते, पण बूथ गुप्त नसतो. प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे वेगळे मोजले जातात आणि ‘नमुना २०’ या तक्त्यात जाहीर होतात. हजार-बाराशे मतदारांच्या बूथवर कोणाला किती मते पडली हे पक्षांना नेमके कळते, आणि मोहल्ल्यातले बूथ कोणते हेही. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सरकारला सुचवले होते, विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोरा दिला, केंद्राने ते मानले नाही. त्यामुळे ‘तुमच्या भागातून आम्हाला मते नाहीत, मग कामे कशी मागता’ हे वाक्य ऐकवणे नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना सोपे जाते. २०१९ मध्ये मनेका गांधी यांनी सुलतानपूरच्या प्रचारसभेत मुस्लिम मतदारांना जवळपास याच भाषेत बजावले होते आणि आयोगाने त्यांच्यावर ४८ तास प्रचारबंदी घातली होती. टोटलायझरची मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी. दलित आणि आदिवासी संघटनांनाही ती तेवढीच जवळची वाटेल, कारण वस्ती ओळखून काम अडवण्याचा अनुभव त्यांनाही आहे.

पण ते होईपर्यंत जो तक्ता पक्ष वाचतात तो आपणही वाचावा. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना २० मिळतो. आपल्या वॉर्डातले आठ-दहा बूथ निवडा. त्यांत शेजारच्या बिगरमुस्लिम वस्तीचे बूथही घ्या, ते विसरू नका. २०१९ ची लोकसभा, २०२४ ची लोकसभा आणि २०२४ ची विधानसभा, तीन रकाने मांडा. एकूण मतदार किती, मतदान किती, कोणाला किती, नोटाला किती. वायव्य मुंबईत रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले आणि तिथे नोटाला १५ हजारांहून अधिक मते होती, त्यामुळे तो रकाना सोडू नका. जिथे मतदान चाळीस टक्क्यांच्या खाली दिसेल तिथे मतदार यादी घेऊन घरोघर जा. नावे गळलेली असतील तर नमुना ६, पत्ता किंवा नावाचे स्पेलिंग चुकले असेल तर नमुना ८. अठरा पूर्ण होण्यासाठी आता जानेवारीची एकच तारीख नसते. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत.

हा तक्ता तयार झाला की तो घेऊन पुढच्या कॉर्नर सभेला जा, आणि येताना शेजारच्या वस्तीतल्या दोघातिघांना बरोबर घ्या. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला कागद दाखवून विचारा की या आठ बूथवर गेल्या तीन निवडणुकांत तुमच्या पक्षाला एवढी मते पडली, त्या बदल्यात इथे काय झाले? पाच टक्के शिक्षण आरक्षणावर तुमच्या पक्षाची लेखी भूमिका काय? तो उत्तर देईल किंवा देणार नाही. दोन्हींची तारीख घालून नोंद ठेवा आणि आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू.